राखण बंगल्याची, जखम श्रमिकाची

सातारा शहरालगत संगम माहुली येथे, कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर, एका कुत्र्याचे स्मारक आहे. खंड्या हा छत्रपती शाहू महाराजांचा आवडता कुत्रा. त्याने वाघाच्या तावडीतून महाराजांचे प्राण वाचविले आणि महाराजांनी उतराई होण्यासाठी त्याला पालखीचा मान व जहागीर दिली, अशी आख्यायिका आहे. तिच्यातील खरेखोटे इतिहाससंशोधकांनी पारखावे. सामान्य माणसाच्या मनात मात्र एकच प्रश्न उभा राहतो : जहागीर कुत्र्याच्या नावे होती, पण तिचा वसूल कोण भरीत होते? अर्थातच रयत.

सरंजामशाही कायद्याने संपली. हा हिशेब मात्र संपलेला नाही. साताऱ्याच्या आणि सांगलीच्या नव्या वसाहतींत, कुपवाडच्या कारखान्यांच्या आवारांत, महाबळेश्वर-पाचगणीच्या बंगल्यांवर जागोजागी एकच पाटी दिसते : ‘कुत्र्यापासून सावध राहा’. पाटी लहान असली तरी तिच्यात एक संपूर्ण तत्त्वज्ञान सामावलेले आहे. मालमत्ता मालकाची, राखणीचा लाभ मालकाचा, आणि सावध राहण्याचे कर्तव्य मात्र फाटकाशी येणाऱ्याचे! लाभ खाजगी आणि जोखीम दुसऱ्याची, हे मालकशाहीचे आद्य सूत्र कारखान्याच्या धुरांड्यापासून कुत्र्याच्या पट्ट्यापर्यंत सारखेच लागू पडते.

या फाटकाशी येते तरी कोण? मालकाचे पाहुणे मोटारीतून येतात. त्यांच्यासाठी कुत्रा आधी बांधून ठेवला जातो. न सांगता-सवरता येणारे ते मोलकरीण, दूधवाला, वर्तमानपत्र टाकणारा मुलगा, टपालवाला, गॅसचे सिलिंडर खांद्यावर वाहणारा हमाल, घंटागाडीवरील सफाई कामगार, विजेचे मीटर पाहणारा कर्मचारी, घरोघर नोंदी घेत फिरणारी आशा सेविका आणि घड्याळाच्या काट्यावर धावणारा पार्सलवाला. यांपैकी कोणीही हौसेने येत नाही. मालकाला त्यांच्या श्रमाची गरज असते म्हणून आणि त्यांना भाकरीची गरज असते म्हणून ते येतात. ‘तुमचा कुत्रा मोकळा आहे, आज मी आत येणार नाही’ असे म्हणण्याचे स्वातंत्र्य त्यांना नाही. असे म्हणणाऱ्या मोलकरणीचा खाडा धरला जातो आणि पार्सलवाल्याच्या नावावर तक्रार चढते. म्हणूनच कुत्र्याच्या चाव्याचा प्रश्न हा प्राणिप्रेमाचा किंवा नागरी शिस्तीचा प्रश्न असण्याआधी श्रमिकांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

जानेवारी २०२३ मध्ये हैदराबाद येथे खाद्यपदार्थ पोचविण्यास गेलेला एक तरुण घरातील कुत्रा अंगावर धावून आल्यामुळे जीव वाचविण्यासाठी तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला आणि मृत्यू पावला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये गुरुग्राम येथे कामावर निघालेल्या एका मोलकरणीवर दुसऱ्याच कोणाच्या पाळीव कुत्र्याने हल्ला केला व ती गंभीर जखमी झाली. तेथील ग्राहक मंचाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिला २ लाख रुपयांची अंतरिम भरपाई देण्याचा आदेश महानगरपालिकेला दिला आणि ती रक्कम कुत्र्याच्या मालकाकडून वसूल करण्याची मुभाही ठेवली. पहिली घटना दूर तेलंगणातील, दुसरी हरियाणातील. परंतु हैदराबादचा तो जिना आणि गुरुग्रामची ती वाट सांगली-साताऱ्याच्या श्रमिकांना अनोळखी नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या २८९ व्या कलमाने असे ठरविले की, आपल्या ताब्यातील प्राण्यापासून मनुष्याच्या जिवाला किंवा जबर दुखापतीचा संभाव्य धोका असता, तो टाळण्यापुरता बंदोबस्त जो जाणूनबुजून किंवा हयगयीने ठेवणार नाही, त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा या दोन्ही शिक्षा व्हाव्यात. १८६० साली हजार रुपये ही मोठी रक्कम होती. त्यानंतर राज्ये बदलली, दोन महायुद्धे झाली, देश स्वतंत्र झाला, रुपयाचे मोल मातीला मिळाले. दंड मात्र १६४ वर्षे हजारावरच थांबून राहिला. १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता अमलात आली, तिच्या २९१ व्या कलमाने तो ५,००० केला. जातिवंत कुत्र्याच्या पिल्लाला याहून अधिक किंमत पडते. ज्या दंडाची रक्कम अपराधाच्या साधनाच्या किमतीहून कमी, तो दंड धाक घालीत नाही. ती अपराधाची परवाना फी होते.

या कलमातील दुसरे वैगुण्य ‘ताब्यातील’ या शब्दात आहे. पाचगणीच्या बंगल्याचा मालक मुंबईस राहतो. बंगला आणि कुत्रा दोन्ही सांभाळतो तो पंचक्रोशीतील एखादा रखवालदार. कुत्रा चावला तर तो कोणाच्या ताब्यात होता? मालक हात झटकून मोकळा व्हावयाचा आणि गुन्ह्याची नोंद व्हावयाची ती मासिक पगारावरच्या रखवालदाराच्या नावे! एका श्रमिकाच्या जखमेची भरपाई दुसऱ्या श्रमिकाच्या पाठीवर लादण्याची ही सोय आहे.

फौजदारी शिक्षेने जखमीच्या पदरात फारसे पडत नाही. भरपाईसाठी दिवाणी दावा करता येतो. परंतु आपल्या न्यायालयांनी या बाबतीत ज्या इंग्रजी परंपरेचा आधार घेतला, तिचा जुना नियम असा की, कुत्र्यासारख्या पाळीव प्राण्याचा स्वभाव हिंस्र आहे हे मालकाला ठाऊक होते असे, अथवा त्याने हयगय केली असे, जखमीने सिद्ध करावे. म्हणजे पहिला चावा जवळजवळ माफच! खुद्द इंग्लंडने १९७१ च्या कायद्याने या नियमाची फेरमांडणी केली, तरी आपल्याकडे संसदेने किंवा विधिमंडळाने या विषयावर स्वतंत्र कायदा केलेला नाही. मोलकरणीने बंगल्याच्या आतल्या कुत्र्याचा स्वभाव न्यायालयात कसा सिद्ध करावा? साक्षीदार कोण? मालकाचे कुटुंबीय? वस्तुतः फाटकावरील ‘सावध राहा’ ही पाटी हाच मालकाच्या जाणिवेचा लेखी पुरावा मानला गेला पाहिजे. कुत्रा धोकादायक आहे हे ठाऊक नसते, तर ती पाटी लावलीच कशाला?

आणि न्याय मिळाला तरी तो केव्हा? मुंबईत २०१० साली एका कुत्र्याने मालकाच्या वृद्ध नातेवाइकाचा चावा घेतला. मालकास तीन महिन्यांची कैद ठोठावली गेली ती २०२३ मध्ये. वरळीच्या एका इमारतीतील लिफ्टमध्ये २०१८ साली घडलेल्या प्रकाराबद्दल कुत्र्याच्या मालकास चार महिन्यांची शिक्षा झाली ती २०२५ साली. पहिल्यास तेरा वर्षे, दुसऱ्यास सात. ही प्रकरणे धनिक वस्तीतील, जेथे फिर्यादीला वकील आणि वेळ दोन्ही परवडतात. जतच्या किंवा माणच्या शेतमजूर स्त्रीने तेरा वर्षे तारखा कशा कराव्यात?

दरम्यान चाव्याचा खर्च कोणी सोसावयाचा? रेबीजची लक्षणे एकदा प्रकट झाली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो; म्हणून जखम तत्काळ साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे आणि लसीचा क्रम पुरा करणे अपरिहार्य असते. सरकारी रुग्णालयांत कातडीत दिल्या जाणाऱ्या लसीच्या मात्रा पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी घ्याव्या लागतात; जखम खोल असेल तर तिच्यात प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही द्यावे लागते. लस तेथे फुकट मिळते, म्हणजे तिचे पैसे जनता करांतून भरते. परंतु चार खेपांचे चार बुडालेले रोज, एसटीचे भाडे, जखम चिघळली तर आठवडा-पंधरवड्याची सुटलेली कामे यांचा भार सरकार उचलत नाही आणि मालकही उचलत नाही. हौस मालकाची, तिचा अर्धा खर्च सरकारी तिजोरीवर आणि उरलेला अर्धा मजुरीवर, अशी ही वाटणी आहे. हा खर्च लहान नाही. सरकारी नोंदीनुसार २०२४ साली देशात कुत्र्यांच्या चाव्याच्या ३७ लाखांहून अधिक घटना घडल्या; त्यांत एकट्या महाराष्ट्राचा वाटा सुमारे ४ लाख ८५ हजारांचा होता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीने देशातील प्राणिदंशांचा वार्षिक अंदाज ९१ लाखांचा आणि रेबीजने होणाऱ्या मृत्यूंचा ५,७२६ असा केला. यांतील तीन चतुर्थांशांहून अधिक चावे कुत्र्यांचे.

या सर्व काळात सार्वजनिक चर्चा मात्र भटक्या कुत्र्यांभोवतीच फिरत राहिली. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या संदर्भात दिलेले आदेश, त्यांत केलेला बदल, आणि नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, बसस्थानके व रेल्वे स्थानके यांच्या आवारांतून भटकी कुत्री हलविण्याचा दिलेला आदेश, यांवर वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने भरले. एका बाजूला ‘मारा’ म्हणणारे, दुसऱ्या बाजूला ‘वाचवा’ म्हणणारे. या गदारोळात पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला उभा असलेला मालक अलगद निसटला. हौस फिटली की याच मालकांपैकी काही आपला कुत्रा रस्त्यावर सोडून देतात, हेही विसरले गेले. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये २३ हिंस्र जातींवर बंदी घालण्याचे परिपत्रक काढले. ते एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने रद्द ठरविले. न्यायालयीन निर्णय बाजूला ठेवला, तरी या परिपत्रकाची दृष्टीच चुकीची होती. त्याने जातीला आरोपी केले आणि मालकाला साक्षीदाराच्या खुर्चीत बसविले.

मालकावर दोष सिद्ध करण्याची अट न घालता भरपाईची जबाबदारी टाकावी, ही मागणी ऐकून काही विधिज्ञ भुवया उंचावतील. परंतु तिच्यात नवे असे काय आहे? कामगार यंत्रात सापडला तर मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज नाही, धंद्याचा धोका धंद्यानेच सोसावा, हे तत्त्व ब्रिटिश राजवटीतील १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने मान्य केले. मोटार अपघातांत दोषाचा विचार न करता भरपाई देण्याची तरतूद १९८२ च्या दुरुस्तीने आली. आज मोटार वाहन कायद्याच्या १६४ व्या कलमाखाली मृत्यूबद्दल ५ लाख व जबर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये चालकाची चूक सिद्ध न करता मिळू शकतात. वाहन पळून गेले व त्याचा पत्ता लागला नाही, तरी मृताच्या वारसांना २ लाख आणि जबर जखमीला ५० हजार रुपये देण्याची योजना आहे. रस्त्यावर धोकादायक वस्तू आणणाराने विमा उतरविलाच पाहिजे, हे सर्वांनी मान्य केले आहे. मग दात असलेली राखण पदरी बाळगणाराने का उतरवू नये?

याहूनही बोलके उदाहरण सातारा-सांगलीच्या उसाच्या फडांत आहे. कराड, पाटण, शिराळा या भागांत बिबट्या आता उसातच वस्ती करतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये कराड तालुक्यातील येणके येथे ऊसतोड मजुराचे पाच वर्षांचे मूल बिबट्याच्या हल्ल्यात दगावले. वन्य प्राण्याच्या हल्ल्यात माणूस दगावल्यास महाराष्ट्र शासन त्याच्या वारसांना आज २५ लाख रुपये देते. ही तरतूद योग्यच आहे. पण तिच्याशेजारी कुत्र्याचा चावा ठेवून पाहावा. बिबट्याला मालक नाही, म्हणून शासन पुढे येते. कुत्र्याला मालक आहे, म्हणून कोणीच पुढे येत नाही! मालक असणे हे जबाबदारीचे कारण व्हावयास हवे होते. आपल्या व्यवस्थेत ते जबाबदारीतून सुटण्याचे निमित्त ठरले आहे.

यावर एक आक्षेप गंभीरपणे विचारात घेतला पाहिजे, कारण तो गरिबांच्या बाजूने येतो. कुत्रा केवळ बंगलेवालाच पाळतो असे नाही. माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी टापूंतील धनगर मेंढपाळाच्या वाड्याला कुत्र्यावाचून रात्र काढणे अशक्य आहे. लांडग्यापासून मेंढरे राखणारा त्याचा कुत्रा ही हौस नव्हे. ते त्याच्या उत्पादनाचे साधन आहे. वस्तीवरच्या अल्पभूधारकाचेही तसेच. बंगलेवाल्याला लावावयाचा नियम यांनाही जसाच्या तसा लावला, तर कायदा समान होईल, न्याय होणार नाही. या पेचाचे उत्तर जर्मनीने शंभर वर्षांपूर्वीच शोधले. तेथील नागरी संहितेच्या ८३३ व्या कलमाने प्राणी बाळगणाऱ्यावर दोषाविना जबाबदारी टाकली होती. १९०८ च्या दुरुस्तीने त्यात भेद केला गेला : जो पाळीव प्राणी मालकाच्या व्यवसायासाठी किंवा उपजीविकेसाठी असेल, त्याच्या बाबतीत मालकाने योग्य काळजी घेतली होती असे दाखविल्यास तो सुटतो, हौसेच्या प्राण्याच्या मालकाला ही पळवाट नाही. तेथेही योग्य काळजी घेतल्याचे सिद्ध करण्याचे ओझे मालकावरच आहे, जखमीवर नाही. मेंढपाळाचा कुत्रा आणि बंगल्याचा कुत्रा यांत भेद करणारी ही दृष्टी महाराष्ट्राने घ्यावयास हरकत नाही. अर्थात कारखान्याच्या आवारातील राखणीचा कुत्रा ‘व्यवसायासाठी’ आहे, असा कांगावा करण्यास जागा ठेवू नये. सवलत उपजीविकेला हवी, नफ्याला नव्हे.

दुसरा आक्षेप प्राणिप्रेमींचा. जबाबदारी वाढविली तर लोक कुत्री रस्त्यावर सोडतील, असे ते म्हणतात. हा आक्षेप नोंदणीच्या बाजूचा आहे, तिच्या विरोधातला नाही. मुंबई, पुणे यांसारख्या शहरांत पाळीव कुत्र्यांना परवाना सक्तीचा आहे. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ यांनी पाळीव प्राण्याच्या लसीकरणाची जबाबदारी मालकावर टाकली आहे. कुत्र्याची ओळख मालकाशी कायमची जोडली गेली, तर त्याला सोडून देणे हाच अपराध म्हणून पकडता येईल. साखळीने रात्रंदिवस बांधून, उपाशी ठेवून, मुद्दाम चिडखोर केलेला कुत्रा हाही मालकाच्या मालमत्तेच्या भीतीचा बळीच आहे. श्रमिकाची सुरक्षितता आणि प्राण्याची दया यांत विरोध आहे असे भासविणे मालकाच्या सोयीचे आहे, इतकेच.

मागण्या स्पष्ट असाव्यात. पहिली, हौसेच्या व मालमत्तेच्या राखणीच्या कुत्र्याने केलेल्या इजेची भरपाई मालकाने दोष सिद्ध होण्याची वाट न पाहता द्यावी; मालक परगावी असला, तरी जबाबदारी त्याचीच, रखवालदाराची नव्हे. दुसरी, सातारा जिल्ह्यातील नगरपालिका आणि सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिका यांनी नोंदणी, लस आणि जोखमीचा विमा या तिन्हींची सक्ती करावी. मेंढपाळ व अल्पभूधारक यांची नोंदणी व लस फुकट असावी. नोएडा प्राधिकरणाने २०२२ साली १० हजारांचा दंड आणि जखमीच्या उपचाराचा संपूर्ण खर्च मालकावर टाकण्याचे धोरण ठरविले. दिल्लीच्या उंबरठ्यावर जे सुचते, ते कृष्णाकाठी का सुचू नये? तिसरी, भरपाईत औषधोपचाराबरोबर बुडालेली मजुरी धरावी आणि तालुका पातळीवर साठ दिवसांत तिचा निवाडा व्हावा. चौथी, कुत्रा बेवारस असेल तर भरपाई स्थानिक संस्थेने व राज्याने द्यावी. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान १० हजार रुपयांचे प्रमाण ठरवून दिले आणि राज्याला प्रथम जबाबदार धरले. केरळमध्ये सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली नेमलेली न्यायमूर्ती सिरी जगन समिती दावे ऐकू शकली. मग महाराष्ट्रातच अडचण कोणती? पाचवी, कुत्रा मोकळा असताना आवारात पाऊल टाकण्यास नकार देण्याचा श्रमिकाचा हक्क मान्य व्हावा, आणि त्यासाठी त्याचा पगार कापला जाऊ नये.

कायदा होईपर्यंत कार्यकर्त्यांनी स्वस्थ बसण्याचे कारण नाही. २९१ व्या कलमाखालील गुन्हा दखलपात्र आहे. पोलीस ठाण्यात जखमीबरोबर जाऊन त्याची नोंद करून घेता येते, आणि त्यात मालकाचे नाव येईल हे पाहता येते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि अल्प उत्पन्नाचे लोक मोफत वकिलास पात्र आहेत. तालुका विधी सेवा समितीचे दार त्यांच्यासाठी उघडे असले पाहिजे, आणि नसेल तर ते ठोठावणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. मोलकरीण संघटना, आशा संघटना, सफाई कामगार व पार्सल पोचविणारे तरुण यांना या एका प्रश्नावर एकत्र आणता येईल. जखमेची चिठ्ठी, लसीचा कागद, बुडालेल्या रोजांची नोंद अशी टिपणे वॉर्डावॉर्डांत ठेवली गेली, तर नगरपालिकेच्या सभेत बोलण्यास आधार मिळेल.

आजच्या सातारा व सांगली जिल्ह्यांच्या मोठ्या भागात बेचाळीसच्या चळवळीनंतर क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. त्याच्या न्यायदान मंडळांनी गावचे तंटे गावातच, वकिलाच्या खर्चाशिवाय मिटविले. परकी सत्ता डोक्यावर असताना जे खेड्यांतील निरक्षर शेतकऱ्यांना जमले, ते स्वतंत्र देशातील नगरपालिकांना आणि विधिमंडळाला अशक्य म्हणून चालणार नाही. कुत्र्याच्या गळ्यात पट्टा असतोच. त्याचे दुसरे टोक मालकाच्या हाती कायद्याने बांधून द्यावयाचे, एवढेच काम उरले आहे. आणि मालक ते आपण होऊन करील, या भ्रमात कोणी राहू नये.